उरलेले दात

१२ नोव्हेंबर

ती. ताईस,
सप्रेम नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर बघून तुला आश्चर्य वाटेल, कदाचित रागही येईल. दोन्ही होऊन गेलं की पुढे वाच. मी बरी आहे. तुमच्याकडे सगळे ठीक असतील असं धरून चालते. भाचीची शेवटची परीक्षा चांगली पार पडल्याचं आत्याकडून कळलं. तिला माझा आशीर्वाद सांग, किंवा नको सांगूस, तुला योग्य वाटेल ते कर.

फोन करणार होते. तू उचलला नसतास तर वाईट वाटलं असतं, आणि उचलला असतास तर माझ्या तोंडातून शब्द फुटला नसता. त्यापेक्षा कागद बरा.

आमचा छापखाना बंद झाला, हेही आत्याने सांगितलंच असेल. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. आता घरी बसून स्वतःच्या शोधायची वेळ येणार असं वाटत होतं, तेवढ्यात एक काम मिळालं. तू हसशील. दहा वर्षांपूर्वी तुम्ही दातांचे डॉक्टर घरोघर जाऊन लोकांचे दात मोजत होतात ना, त्याच पाहणीचा हा दुसरा भाग. दात तुम्ही मोजलेत, आम्ही माणसं मोजतो. यादीतलं कोण आहे, कोण घर सोडून गेलं आणि कोण वारलं. ज्यांचे दात तेव्हा जास्त पडलेले होते ती माणसं लवकर गेली का, हे त्यावरून ताडून बघायचं.

मला वाटलं होतं, बेल वाजवायची, कार्डावर खूण करायची, त्यात काय मोठंसं. पण "अमुक अमुक इथे राहतात का?" असं विचारल्यावर उत्तर येईपर्यंत जो एक क्षण जातो त्याची सवय होत नाही. कुणी म्हणतं, "हो, राहतात." कुणी म्हणतं, "राहायचे." एवढ्या एका क्रियापदात काम होतं. मग मी तारीख विचारते, कारण विचारते, आणि दारातल्या दारात लिहून घेते. काही जण मला आत बसवून सगळं पहिल्यापासून सांगतात. तेव्हा पेन बंद करून ऐकते.

परवा चौथ्या मजल्यावर एक आजीबाई भेटल्या. वय चौऱ्याऐंशी. कार्डावर दहा वर्षांपूर्वीच दात शून्य. मी धापा टाकत पोचले तर त्यांनीच मला पाणी दिलं आणि कशाला आलात म्हणून विचारलं. मी चाचरत सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे मी अजून कशी आहे ते बघायला आलात." मग आत जाऊन कवळी बसवून आल्या. का, तर कागदपत्राचं काम आहे, तोंड नीट दिसलेलं बरं.

आमच्या पर्यवेक्षक बाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, आकडे घोळक्याबद्दल बोलतात, एकट्या माणसाबद्दल नाही. दात पडले म्हणून कुणी मरत नाही. पण ज्या गोष्टी दात पाडतात, तंबाखू, मधुमेह, वर्षानुवर्षं सुजलेल्या हिरड्या, हलाखी, त्याच गोष्टी पुढे काळजालाही हात घालतात. शिवाय चावता येईना की माणूस मऊ तेवढंच गिळतो, अंगी काही लागत नाही. तोंड आधी चुगली करतं, इतकंच. हे मी तुला काय सांगायचं, तुझाच विषय.

आता कामाचं.

गेल्या आठवड्यात आपल्या जुन्या गल्लीचा गठ्ठा माझ्याकडे आला. त्यात एक कार्ड होतं. पुरुष, वय त्रेसष्ट, व्यवसाय शिंपी, उरलेले दात नऊ. नाव वाचायच्या आधीच मी ओळखलं, कारण वरच्या पुढच्या दातासमोर लिहिलं होतं, "कडेला खाच, दोरा तोडण्याच्या सवयीने." बाबा तुमच्या पाहणीत होते हे मला माहीत नव्हतं.

मृत्यूची तारीख आणि कारण मी भरलं आहे. त्यासाठी कुणाच्या दारात जावं लागलं नाही. कार्डाच्या मागच्या बाजूला काही नोंदी आहेत. अक्षर तुझं वाटलं. खात्री करून घ्यायची म्हणून विचारते, बाकी काही नाही.

दगदग होते. जिने फार. पण चालायचंच.

तुझी,
धाकटी


२७ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं. साडेचार ओळी. अक्षर तुझं आहे, तू तीनदा गेली होतीस, मला सांगायचं नाही म्हणून त्यांनी तुझ्याकडून शब्द घेतला होता, आणि मला आणखी काही विचारायचं असेल तर आडून विचारू नये. तू पहिल्यापासून अशीच. इंजेक्शनसुद्धा "आता टोचते हं" असं न सांगता टोचतेस.

पण विचारायचं काही नाही. सांगायचं आहे. दोन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले. मध्येच उठून भांडी घासली, कपाट आवरलं, खिडक्या पुसल्या. घर इतकं स्वच्छ झालं की आता करायला दुसरं काही उरलं नाही.

त्या कार्डाच्या मागे काय आहे ते तुला आठवत असेलच. तरी लिहिते, कारण मला ते पाठ झालंय. "तीन दात हलतात. हिरड्यांतून पू. रक्तदाब बराच जास्त. हृदयाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली." खाली तीन तारखा, तीन वेगळ्या शाईत. "पुन्हा गेले. चिठ्ठी खिशातच." "पुन्हा गेले. गणवेशांचं काम संपल्यावर जातो म्हणाले." तिसऱ्या तारखेला, "मी गाडी घेऊन गेले. ते आले नाहीत." ही तिसरी तारीख ते वारले त्याच्या अकरा दिवस आधीची आहे.

ऑफिसात सगळ्यांच्या समोर मी ते वाचलं. बाईंनी विचारलं, काय झालं. अक्षर लागत नाही म्हणाले. बावीस वर्षं लोकांची अक्षरं वाचून पोट भरलं, आणि तुझं मला लागत नाही!

बाबा गेल्यावर आपण दुकान आवरत होतो त्या दिवशीचं माझं वाक्य तू विसरली नसशील. मीही विसरलेले नाही, स्वल्पविरामासकट आठवतं. आत्या होती, शेजारचा चांभार होता, राहिलेले कपडे न्यायला आलेली दोन गिऱ्हाइकं होती. त्या सगळ्यांच्या देखत मी म्हणाले होते, "अख्ख्या गावाच्या तोंडात वाकून बघत फिरलीस, बापाच्या तोंडात बघायला तुला वेळ झाला नाही." तू हातातली टेप गुंडाळलीस, मशीनवर ठेवलीस आणि निघून गेलीस. एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं, तुझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही म्हणून गप्प आहेस. शब्द दिलाय म्हणून गप्प आहेस हे कळायला मला दहा वर्षं लागली.

बोलली असतीस तर काय झालं असतं? "मी तीनदा गेले होते" एवढे चार शब्द. माणूस गेल्यावर त्याला दिलेला शब्द कशाला पाळायचा? पण हे विचारायचा हक्क मला नाही. का ते सांगते.

कार्डावर तू विचारलेला एक प्रश्न आहे. जिना चढताना किंवा भरभर चालताना छातीत दुखतं का? समोर त्यांचं उत्तर. "नाही."

ताई, ते खोटं होतं, आणि मला ते माहीत होतं.

तू त्यांना तपासलंस त्याच्या साधारण महिनाभर आधीची गोष्ट. मी दुपारी त्यांना डबा द्यायला गेले होते. तेव्हा ते भात दुधात कुस्करून खायचे, दुसरं काही चावत नव्हतं. दुकानावरच्या खोलीकडे जाणाऱ्या जिन्यात ते बसलेले दिसले. तिसऱ्या पायरीवर. एका हातात गणवेशाच्या कापडाचा तागा, दुसरा हात छातीवर. कपाळावर घाम. मी घाबरून हाक मारली तर हाताने खूण केली, थांब म्हणून. पाच मिनिटांनी उठले आणि म्हणाले, गॅस झालाय. मी म्हटलं, ताईला फोन करते. तर माझं मनगट धरलं. त्यांच्या बोटांना अजून बळ होतं. म्हणाले, "तिला सांगू नकोस. ती डॉक्टर आहे, लगेच पंचनामा करेल. शाळा उघडायच्या आत ऐंशी गणवेश द्यायचेत. ते झाले की मी आपल्या पायाने जातो."

मी म्हटलं, बरं.

त्यानंतर दोनदा तसंच झालं. दोन्ही वेळा मी तिथे होते. दोन्ही वेळा मी पाणी दिलं.

गणवेश एकूणएक देऊन झाले. शाळा उघडली. चौथ्या दिवशी ते गेले.

आता कळलं का, मी तुझ्यावर का तुटून पडले? मी गप्प बसले असते तर कुणीतरी वळून मला विचारलं असतं, अगं, तू तर रोज जात होतीस, तुला काहीच कसं दिसलं नाही? ते कुणी विचारायच्या आत मी तुझ्याकडे बोट दाखवलं. तुझं शिक्षण, तुझा दवाखाना, तुझी ती घरोघरची पाहणी, सगळं त्या कामी आयतंच सापडलं. आणि बोट एकदा दाखवलं की ते खाली घेता येत नाही. दुसऱ्या वर्षी लिहू म्हटलं, पाचव्या वर्षी लिहू म्हटलं. दरवर्षी ते अवघडच होत गेलं.

क्षमा माग म्हणून तू सांगितलेलं नाहीस. मी मागते आहे. देणं न देणं तुझ्याकडे.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहावी की नाही, ठरत नाहीये. लिहिते.

मला एक्कावन्न पूर्ण झाली. कामाच्या निमित्ताने आरशासमोर उभी राहून मी माझेही मोजले. एकवीस. दाढा तर केव्हाच गेल्या, एकेक करून, दुखली की काढून टाकली. ब्रश केला की रक्त येतं. आणि गेल्या दोन महिन्यांपासून तिसऱ्या मजल्याच्या पुढे छातीवर कुणीतरी हात दाबून ठेवल्यासारखं होतं. मी थांबते, यादी काढते आणि पुढचं नाव शोधत असल्याचं नाटक करते. जिना रिकामा असतो, तरी करते.

हे मी अजून कुणाला बोललेले नाही. यांनाही नाही. पर्यवेक्षक बाईंना तर नाहीच, त्या काम काढून घेतील. पुढच्या महिन्यात गठ्ठा संपला की दाखवीन म्हणते.

हे शेवटचं वाक्य लिहिलं आणि आपण कुणाचं वाक्य लिहितोय ते माझ्या लक्षात आलं. खोडत नाही. तसंच ठेवते.

तुझी अपराधी,
धाकटी


१९ डिसेंबर

ताई,

तू भेटून गेल्याला दोन आठवडे होऊन गेले. फोनवर रोज बोलतो, मग पत्र कशाला, असं म्हणशील. काही गोष्टी मला समोरासमोर किंवा फोनवर बोलता येत नाहीत, हे एव्हाना तुला कळलं असेल. शिवाय आधीची दोन पत्रं रडकी होती. तिसरं त्यांच्यासोबत ठेवायला हवं.

आधी बातमी. राहिलेले दोन्ही रिपोर्ट आज दुपारी मिळाले. पट्ट्यावर चालवून काढलेला आलेख डॉक्टरांनी आडवा-उभा धरून बघितला आणि म्हणाले, काळीज ठणठणीत आहे. मी म्हटलं, परत एकदा बघा. त्यांनी खरंच परत बघितलं. भला माणूस. छातीवर दाब येतो तो पित्ताचा आणि काही अंशी त्या खांद्यावरच्या पिशवीचा. रक्तदाब मात्र वाढलेला आहे, रोजची गोळी चालूच ठेवायची. साखर काठावर आहे, अजून पलीकडे गेलेली नाही. सहा महिने उशीर केला असता तर दोन्ही गोष्टी हाताबाहेर गेल्या असत्या, असं म्हणाले. हिरड्या तुझ्याकडून नीट करून घ्यायला सांगितल्या, त्याने साखरही ताब्यात राहायला मदत होते म्हणे. मी त्यांना सांगितलं, डॉक्टर घरातलीच आहे.

बाहेर येऊन मी बाकावर बसले आणि मला हसू आलं. शेजारी बसलेल्या बाईला वाटलं, हिला काही झालंय. मी म्हटलं, नाही हो, काही झालेलं नाही, म्हणूनच हसतेय.

ताई, त्या शुक्रवारी सकाळी दार उघडलं आणि तू दिसलीस, तेव्हा मी काय काय ऐकायची तयारी केली होती ते तुला माहीत नाही. शिव्या, रडणं, अबोला, सगळ्याची. अर्ध्या दिवसाचा प्रवास करून आलीस, पिशवीसुद्धा खाली ठेवली नाहीस, आणि म्हणालीस, "आ कर." मला स्वयंपाकघरातल्या खिडकीशी नेलंस, हनुवटी धरून मान वर केलीस आणि पुटपुटत मोजायला लागलीस. आहे, आहे, गेला, आहे, हलतो. मला बोलता येत नव्हतं, रडताही येत नव्हतं. तोंड उघडं ठेवून रडता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. दहा वर्षांनी बहीण भेटते आणि पहिली गोष्ट काय बोलते, तर "यातले दोन वाचणार नाहीत, बाकीचे माझ्यावर सोड."

मग जेवूही न देता दवाखान्यात नेलंस. हे मागून चप्पल शोधत धावत आले. त्यांना तू रिक्षात सगळं सांगून टाकलंस. मी दोन महिने जे लपवलं ते तू दोन मिनिटांत. ते रागावले नाहीत. तेव्हापासून सकाळची गोळी पाण्याच्या पेल्यासकट समोर येते.

दवाखान्याच्या बाकावर तू जे बोललीस, ते मला लिहून ठेवायचं आहे, म्हणजे माझ्याकडून बदललं जाणार नाही. मी विचारलं होतं, मी तेव्हा तुला सांगितलं असतं तर? तू म्हणशील "काही फरक पडला नसता", असं मला वाटलं होतं. लोक असंच म्हणतात. पण तू म्हणालीस, "सांगितलं असतंस तर मी त्यांना ओढत नेलं असतं. कदाचित वाचले असते, कदाचित नाही. मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. आणि मी चौथ्यांदा का गेले नाही, हे मीही रोज स्वतःला विचारते."

ताई, तू मला खोटा दिलासा दिला असतास तर मी तो घरी आणला असता आणि आठवड्याभरात विटला असता. हा टिकला आहे. कारण तू माझ्या शेजारी बसून बोललीस, समोर बसून नाही.

आणि मग तू सांगितलंस, ते तुला काय म्हणाले होते. धाकटीला सांगू नकोस, ती घाबरट आहे, रडून दुकान डोक्यावर घेईल. मी म्हटलं, मला म्हणाले, ताईला सांगू नकोस, ती पंचनामा करेल. आपण एकमेकींकडे बघितलं. दोन मुली, दोघींना गाठून वेगवेगळा शब्द घेतला, आणि दोघींनी आज्ञाधारकपणे पाळला! त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाचं माप चुकवलं नाही, आपलीही मापं बरोबर घेतली होती. आपण इतक्या हसलो की नर्स बाहेर येऊन ओरडली. त्या हसण्यात मध्येच केव्हातरी तू रडायला लागलीस. ते मी पाहिलं आणि मान फिरवली. तुला रडताना कुणी पाहिलेलं आवडत नाही.

मी त्यांच्यावर रागवायला बघते, जमत नाही. घाबरलेले होते, दुसरं काय. त्यांचे वडील दवाखान्यात चालत गेले आणि परत आले नाहीत, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण त्यांची भीती त्यांची होती. ती आपण दोघींनी दहा वर्षं वाटून वाहिली. आता पुरे.

कामावर पर्यवेक्षक बाईंना मी सगळं सांगितलं. काम काढून घेतलं नाही, लिफ्ट असलेल्या इमारतींचा गठ्ठा दिला. एवढ्यासाठी मी दोन महिने नाटक करत होते.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येते. आठ दिवस राहायचं असेल तरच ये म्हणालीस, तर आठ दिवस राहीन. भाचीला सांग, मावशी येते आहे आणि मावशीला चावायला बंदी आहे.

मात्र माझी एक अट आहे. तू माझा दाब मोजलास, साखर तपासायला लावलीस, काळीज तपासून घेतलंस. तुझं शेवटचं कधी तपासलं होतं? फोनवर विचारलं तेव्हा तू विषय बदललास. मी बावीस वर्षं प्रुफं तपासली आहेत, गाळलेली ओळ मला लगेच कळते. मी येईपर्यंत तपासून ठेव आणि आकडे मला सांग. चांगले असोत, वाईट असोत, आहेत तसे. तुझ्याकडून यापुढे मला हवं असेल तर एवढंच. यापुढे कुणीही मला म्हणालं की ताईला सांगू नकोस, तर मी बरं म्हणणार नाही.

आज रिपोर्ट घेऊन जिना चढताना मध्ये एकदा थांबले. दुखत होतं म्हणून नाही. आता कसलीच घाई वाटत नव्हती म्हणून.

तुझीच,
तुझ्यापासून काही लपवायचं न उरलेली,
धाकटी